हॅमिल्कारची बिननावाची लेक

प्रेमकथा लिहायला काय लागतं? आपल्या होस्टेलवर कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल : आधी प्रेमात पडावं लागतं! मॅगेझिनकडे दरवर्षी येणाऱ्या कथा वाचल्या की हे उत्तर सगळ्यांनी फारच मनावर घेतलंय असं वाटतं. तोच कॅन्टीनचा कट्टा, तोच पहिला पाऊस, तीच कॉम्प्युटरची मुलगी आणि शेवटच्या पानावर तिच्या लग्नाची पत्रिका. यातल्या बऱ्याच कथा मी आवडीने वाचतो, चेष्टा करायचा हेतू नाही. पण आज ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय, त्याने आपली नायिका आपल्या गल्लीत शोधली नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जळून खाक झालेल्या एका शहरात त्याने ती शोधली. त्यासाठी ढीगभर ग्रंथ उपसले, समुद्र ओलांडला, आणि परत आल्यावर लिहिलेलं सगळं मोडून पुन्हा श्रीगणेशा केला. हा माणूस म्हणजे फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर.

‘मादाम बोव्हारी’ हे नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. मला मात्र ओढ लागली ती त्याच्या दुसऱ्या कादंबरीची, ‘सालाम्बो’ची. आम्हा सिव्हिलवाल्यांना ती जवळची का वाटावी, हे पुढे येईलच.

फ्लोबेरचा जन्म १२ डिसेंबर १८२१ चा, फ्रान्सच्या रूआं शहरातला. वडील तिथल्या मोठ्या रुग्णालयात मुख्य सर्जन. घर रुग्णालयाच्याच आवारात. त्यामुळे आजारपण, मरण आणि शवविच्छेदन या गोष्टी पोराने लहानपणापासून जवळून पाहिल्या. थोरला भाऊ वडिलांच्या वाटेने डॉक्टर झाला. धाकट्याचं काय करायचं? मग त्याला पॅरिसला कायद्याच्या अभ्यासाला धाडलं. ‘मेडिकल नाही तर इंजिनिअरिंग’ हा हिशोब आपल्याकडेच चालतो असं नाही मंडळी! कायद्यात त्याचं मन रमलं नाही. १८४३ मध्ये स्वारी परीक्षेत सपशेल आपटली. जानेवारी १८४४ मध्ये भावासोबत घोडागाडीतून जाताना, लगाम हातात असतानाच, त्याला झटका आला आणि तो कोसळला. अपस्माराचा हा विकार पुढे जन्मभर सोबत राहिला. कायद्याचं शिक्षण तिथेच संपलं.

वडिलांनी सेन नदीच्या काठी क्रोआसे या गावी घर घेतलं होतं. मुलगा तिथे राहिला आणि लिहू लागला. १८४६ मध्ये जानेवारीत वडील गेले. मार्चमध्ये लाडकी बहीण कॅरोलिन बाळंतपणानंतर गेली. मागे उरली तान्ही भाची. तिचंही नाव कॅरोलिनच ठेवलं होतं. आई, भाची आणि हा, असं तिघांचं घर. पंचविशीच्या आत इतकं सगळं पाहून झालं होतं.

लिहिण्यात तरी यश होतं का? तेही नाही. सप्टेंबर १८४९ मध्ये त्याने आपलं पहिलं मोठं काम, संत अँथनीच्या मोहांवरचं लिखाण, मॅक्सिम द्यु कां आणि लुई बुइये या दोन जिवलग मित्रांना वाचून दाखवलं. वाचन चार दिवस चाललं. शेवटी मित्रांनी सांगून टाकलं की हे आगीत टाक आणि विसरून जा. आपल्याकडे प्रोजेक्ट गाईड ‘पुन्हा करून आणा’ म्हणतात तेव्हा आपला चेहरा पडतो. इथे तर जिवलग मित्रांनीच निकाल दिला होता.

या धक्क्यानंतर दोनच महिन्यांत तो द्यु कांबरोबर पूर्वेकडे निघाला. नोव्हेंबर १८४९ मध्ये दोघे अलेक्झांड्रियाला उतरले. सोबत सरकारी कामगिरीचे कागद होते. फ्लोबेरकडे शेती आणि व्यापाराची माहिती गोळा करायचं काम होतं, ते त्याने जवळजवळ केलंच नाही. द्यु कां मात्र कॅमेरा घेऊन झपाटल्यासारखा फोटो काढत होता. त्यातले सव्वाशे फोटो १८५२ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि फोटोग्राफीच्या इतिहासात त्यांना मोठं स्थान आहे. फ्लोबेर काय करत होता? तो बघत होता. पिरॅमिडवर चढला, स्फिंक्ससमोर उभा राहिला, नाईलवर बोटीत महिनोन् महिने राहिला. अबू सिंबेलला पुतळे वाळूत गाडलेले पाहिले, इस्ना गावी कुचुक हानेम नावाच्या नर्तकीचा नाच पाहिला. पुढे पॅलेस्टाईन, सीरिया, कॉन्स्टँटिनोपल, ग्रीस, इटली असं फिरून जून १८५१ मध्ये तो घरी परतला.

आता गंमत बघा. इतकं फिरून आल्यावर त्याने काय लिहावं? तर आपल्याच नॉर्मंडीतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरच्या बायकोची गोष्ट! ‘मादाम बोव्हारी’ला जवळजवळ पाच वर्षं लागली. १८५६ च्या अखेरीस ती मासिकातून क्रमशः आली आणि जानेवारी १८५७ मध्ये नीतिमत्तेला बाधा आणल्याच्या आरोपावरून लेखक कोर्टात उभा राहिला. ७ फेब्रुवारी १८५७ ला निर्दोष सुटला. रातोरात नाव झालं. प्रकाशकाला त्याच धाटणीचं दुसरं पुस्तक मिळालं असतं तर हवंच होतं. पण त्याला आजूबाजूच्या जगाचा वीट आला होता. पूर्वेचा तो उजेड डोक्यात सहा वर्षं मुरत पडला होता. त्याने विषय निवडला कार्थेजचा.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिशियात समुद्रकाठी वसलेलं फिनिशियन लोकांचं व्यापारी शहर, रोमचा कट्टर वैरी. ख्रि.पू. १४६ मध्ये रोमने ते जाळून जमीनदोस्त केलं. त्याच्याही सुमारे ९० वर्षं आधीची ही हकिकत. ख्रि.पू. २४१ मध्ये रोमविरुद्धचं पहिलं युद्ध हरल्यावर कार्थेजच्या तिजोरीत पैसा नव्हता आणि दारात सुमारे २०,००० भाडोत्री सैनिक थकलेला पगार मागत उभे होते. पगार नाही म्हटल्यावर बंड झालं. तीन वर्षं चार महिने कत्तल चालली. शेवटी हॅमिल्कार या सेनापतीने, म्हणजे प्रसिद्ध हॅनिबलच्या बापाने, बंड चिरडलं.

हे सगळं पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय. त्यात बंडखोरांचे नेते माथो आणि स्पेंडियस नावानिशी येतात. न्युमिडियाचा एक तरुण सरदार ऐन वेळी हॅमिल्कारला येऊन मिळतो. हॅमिल्कार खूश होतो आणि निष्ठेने राहिलास तर माझी मुलगी तुला देईन, असा शब्द देतो. बस्स, एवढंच. त्या मुलीचं नाव काय, वय काय, तिच्या मनात काय होतं, तिचं पुढे काय झालं, याची चौकशी इतिहासकाराने केलेली नाही. लढाईच्या हिशोबात ती एक बक्षीस होती.

फ्लोबेरची अख्खी कादंबरी या रिकाम्या जागेत उभी आहे. त्याने मुलीला नाव दिलं सालाम्बो, जे अस्टार्टे देवीचंच एक जुनं नाव मानतात. तिला चंद्रदेवता तानितची भक्त केलं. हॅमिल्कारच्या बागेतल्या मेजवानीत माथो तिला पाहतो आणि वेडा होतो. देवीचं पवित्र वस्त्र तो चोरतो. ते वस्त्र परत आणायला ती एकटी शत्रूच्या छावणीत, त्याच्या तंबूत जाते. ती नेमकी कशासाठी गेली, शहरासाठी, देवीसाठी की त्याच्यासाठी, हे तिलाही शेवटपर्यंत धड उमगत नाही. शेवटी तिच्या लग्नाच्या दिवशी पकडलेल्या माथोला शहरभर हालहाल करत फिरवतात. तिच्या डोळ्यांदेखत तो मरतो, आणि तीही तिथेच कोसळून मरते. दोघांना एकमेकांची भाषा, देव, माणसं काहीच धड कळत नाही, तरी ओढ सुटत नाही. मला ही कथा रडकी वाटत नाही, भीतीदायक वाटते. आपल्याला न विचारता ठरवून टाकलेलं आयुष्य एखाद्या मुलीला आतून कसं दिसत असेल, याची ती भीती आहे.

आता कामाची पद्धत. आधी वाचन. शंभरच्या आसपास ग्रंथ त्याने उपसले. देवळाच्या अंगणात सुरूची झाडं दाखवायची म्हणून सुरूवरचा ४०० पानी प्रबंध वाचला! लेखन सुरू केलं १ सप्टेंबर १८५७ ला. पण गाडी अडली. माहिती होती, चित्र दिसत नव्हतं. पात्रं बोलत होती, पण त्यांच्या अंगावर ऊन पडत नव्हतं. मग एप्रिल १८५८ मध्ये तो उठला आणि मार्सेलहून बोटीने उत्तर आफ्रिकेला गेला.

यालाच मी साईट व्हिजिट म्हणतो. आमच्या सर्व्हे कॅम्पला जाऊन आलेल्यांना पटेल की नकाशावरची काँटूर लाईन आणि पायाखालचा चढ यांत किती फरक असतो. फ्लोबेर घोड्यावरून कार्थेजच्या जागेवर फिरला, युटिकाला गेला, बिझर्टला गेला. बंडखोरांचा तळ जिथे पडला होता त्या सिक्काकडून, म्हणजे आजच्या केफवरून, खुष्कीच्या मार्गाने अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाईनला परतला. प्रत्यक्ष अवशेष म्हणाल तर फारसे नव्हतेच. फिनिशियन शहर रोमनांनी जाळलं, नंतर त्यावरच आपलं शहर बांधलं, आणि पुढच्या शतकांत त्याचेही दगड लोकांनी इतर बांधकामांना वाहून नेले. पण आखात होतं, डोंगर होते, पहाटे पाण्यावर रंग कसा चढतो हे पाहता येत होतं. कुठून कुठे जायला किती वेळ लागतो, धूळ कशी उडते, रात्री छावणीत काय ऐकू येतं, हे त्याने वहीत टिपून घेतलं. कादंबरीचं पहिलं प्रकरण कार्थेजवरच्या सूर्योदयाने संपतं. तो सूर्योदय कुठल्याही लायब्ररीत मिळाला नसता.

जूनमध्ये घरी परतल्यावर त्याने मित्राला कळवलं की कार्थेज सगळं पुन्हा करावं लागणार, आधीचं मोडून टाकतोय. आणि खरंच मोडलं. पुढे जवळजवळ चार वर्षं तो लिहीत राहिला. वय छत्तीस, आजार अंगात, पहिल्या पुस्तकाने मिळालेलं नाव पणाला, आणि विषय असा की वाचकांपैकी बहुतेकांना त्यातलं काही ठाऊक नाही. फसलं असतं तर ‘एका पुस्तकाचा लेखक’ हा शिक्का कायमचा बसला असता. त्याचं धाडस मला सिक्कापर्यंतच्या रपेटीपेक्षा या निर्णयात जास्त दिसतं.

आता आमच्या ब्रँचचा भाग. कादंबरीत माथो आणि स्पेंडियस कार्थेजमध्ये शिरतात ते पाण्याच्या कालव्यातून. उंच कमानींवरून शहरात पाणी नेणारा हा जलसेतू. पुढे स्पेंडियस तोच फोडतो आणि शहर पाण्यावाचून तडफडू लागतं. कथेचे दोन मोठे सांधे या एका बांधकामावर टेकलेले आहेत. पण झगवानच्या डोंगरातून कार्थेजला येणारा, शाखा धरून शंभराहून जास्त किलोमीटर लांबीचा तो प्रसिद्ध जलसेतू रोमनांनी बांधला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, कथेच्या काळानंतर साडेतीनशे वर्षांनी! फ्लोबेरला याची शंका नव्हती असं नाही. टीकाकाराला उत्तर देताना त्याने हे खासगीत मान्यही केलं. त्याने डोळ्यांनी त्या कमानी माळावर उभ्या पाहिल्या होत्या, आणि कथेला त्या हव्या होत्या.

तसंच केसांचं. वेढ्यात कार्थेजच्या स्त्रिया आपले केस कापून देतात, कारण दगडफेकी यंत्रांना पीळ देणारे दोर संपलेले असतात. मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्यावं, ही यंत्रं पिळलेल्या दोरांत साठलेल्या ऊर्जेवर चालत. ही केसांची हकिकत प्राचीन ग्रंथांत आहे, पण ती शेवटच्या युद्धातली, ख्रि.पू. १४९ च्या सुमाराची. फ्लोबेरने ती ९० वर्षं मागे आणली. इतिहासाच्या पेपरात याला मार्क कापतील. कादंबरीत मात्र हे चालतं, अट एकच : काय हलवतोय हे लेखकाला ठाऊक पाहिजे. न वाचता ठोकून देणं वेगळं, आणि शंभर ग्रंथ वाचून एक वीट जाणूनबुजून दुसरीकडे लावणं वेगळं.

‘सालाम्बो’ २४ नोव्हेंबर १८६२ ला बाजारात आली आणि धडाक्यात खपली. पॅरिसच्या बायकांनी मेजवान्यांसाठी सालाम्बोसारखे पोशाख शिवून घेतले, रंगभूमीवर तिचं विडंबनही झालं. टीकाही तशीच जोरदार. सेंत-बव्ह या त्या काळच्या सर्वांत वजनदार समीक्षकाने तिच्यावर तीन लेख लिहिले. लुव्रमधल्या फ्रोनर नावाच्या पुरातत्त्ववाल्याने चुकांची यादीच काढली. फ्लोबेरने दोघांनाही मुद्देसूद उत्तरं दिली, कुठली गोष्ट कुठल्या ग्रंथातून घेतली ते सांगत. व्हायवाची तयारी असावी तर अशी!

पण सगळ्यात मोठा आक्षेप नंतर आला. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथात दाखवलं की फ्लोबेरसारख्या युरोपियनांनी पूर्वेकडची माणसं आपल्या स्वप्नांच्या आणि वासनांच्या रंगात रंगवली, त्या माणसांना स्वतःचं बोलू दिलं नाही. कुचुक हानेमचंच बघा. तिचं म्हणणं काय होतं हे कुणीच लिहून ठेवलं नाही, अगदी हॅमिल्कारच्या मुलीसारखं. हा आक्षेप मला पटतो. शेकडो वर्षं परकीयांनी आपल्याबद्दल लिहिलेलं वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना तो जास्तच पटायला हवा. म्हणून ‘सालाम्बो’ वाचायची नाही असं मी म्हणणार नाही. वाचताना हा आक्षेप शेजारी ठेवावा, एवढंच. जो माणूस दोन हजार वर्षांपूर्वीच्या मुलीची रिकामी जागा पाहू शकला, त्याला समोर नाचणाऱ्या बाईची दिसली नाही. प्रवास डोळे उघडतो खरा, पण सगळेच उघडतो असं नाही.

शेवटची वर्षं कठीण गेली. १८७५ मध्ये भाचीच्या नवऱ्याचा धंदा बुडाला. ज्या मुलीला तान्हेपणापासून वाढवलं, तिचं घर वाचवायला फ्लोबेरने आपली शेतजमीन विकली आणि स्वतः ओढगस्तीत राहिला. त्या काळातही १८७७ मध्ये ‘हेरोदियास’ ही कथा आली. मृत समुद्राजवळच्या किल्ल्यातली मेजवानी आणि सालोमेचा जीवघेणा नाच. १८५० मध्ये पाहिलेला तो प्रदेश आणि तो नाच सत्तावीस वर्षांनी कागदावर उतरला, असं अभ्यासक मानतात. ८ मे १८८० ला क्रोआसेच्या घरात त्याचा मृत्यू झाला. वय अवघं ५८.

आता एक गोष्ट सांगून थांबतो. ट्यूनिसहून कार्थेजकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेमार्गावर लहान लहान स्थानकं आहेत. एकाचं नाव हॅनिबल, एकाचं अमिल्कार, म्हणजे हॅमिल्कार. आणि एकाचं सालाम्बो. १९२१ मध्ये त्याच सालाम्बो भागात प्राचीन कार्थेजचं बालकांच्या अस्थिकुंभांचं आवार सापडलं. ते बळी होते की साधं स्मशान, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे. म्हणजे बाप आणि भाऊ इतिहासातले, मुलगी कादंबरीतली, आणि तिघांच्या नावाची स्टेशनं एकाच लाईनवर. ज्या मुलीचं नाव इतिहासाने लिहिलं नाही, तिच्या नावाच्या स्टेशनावर माणसं उतरतात.

तेव्हा पुढच्या अंकासाठी कथा लिहिणाऱ्यांनो, प्रेमात पडा किंवा पडू नका, तो तुमचा प्रश्न. पण येत्या सुट्टीत ट्रेकला गेलात तर नुसते ग्रुप फोटो काढून येऊ नका. गडाची बखर आधी वाचून जा आणि तिच्यात कोणाचं नाव गाळलंय ते शोधा. मग त्या जागी थोडा वेळ गप्प बसून ऊन कुठून येतं ते बघा. आणि परत आल्यावर आधी लिहिलेलं मोडावं लागलं, तर बिनधास्त मोडा. सबमिशनची तारीख पुढे ढकलायचं संपादकांशी मी बोलतो!